वाईट रात्रीनंतर क्यूची पकड बदलू नका

पूल पार्लरमध्ये रात्री उशिरा कानावर पडणारी तक्रार बहुतेक वेळा एकच असते. काल नुसता बॉल बघितला तरी पॉकेटमध्ये जात होता, आज सरळ समोरचाही जाईना. तक्रारीच्या पाठोपाठ निदानही हजर होतं: कोपर बाहेर जातंय, पकड घट्ट झालीय, मारायच्या आधीच मान वर होतेय. शेजारच्या टेबलावरचा कुणी जाणकार न मागता सल्ला देतो, मोबाइलवर कुणाचा तरी व्हिडिओ निघतो आणि पुढच्या रॅकपासून खेळाडू वेगळ्याच पवित्र्यात उभा राहायला लागतो. माझं म्हणणं असं, की यातली बहुतेक निदानं चुकीची असतात आणि त्यावरचा इलाज दुखण्यापेक्षा जास्त नुकसान करतो. रात्रीगणिक होणारा चढउतार बराचसा या खेळाच्या घडणीतच आहे. हातात काहीही बिघडलेलं नसताना तो दिसतो, आणि दिसणारच.

आधी मोजमापं पाहू. पूलच्या बॉलचा व्यास ५७.१५ मिलिमीटर असतो. स्पर्धेच्या टेबलावर कोपऱ्यातल्या पॉकेटचं तोंड साधारण ११५ मिलिमीटर, म्हणजे दोन बॉल शेजारी-शेजारी ठेवले तर जेमतेम मावतील इतकं. समजा अगदी सरळ शॉट आहे, पांढरा बॉल रंगीत बॉलपासून एक मीटरवर आणि रंगीत बॉल पॉकेटपासून एक मीटरवर. पांढरा बॉल नेमक्या जागेपासून एक मिलिमीटर बाजूला आदळला तर रंगीत बॉलची दिशा जवळजवळ एक अंशाने बदलते, आणि पॉकेटपर्यंत पोहोचताना ती चूक १७-१८ मिलिमीटरची होते. मुभा असते दोन्ही बाजूंना २९ मिलिमीटरच्या आसपास. उलटा हिशोब केला, तर पांढऱ्या बॉलच्या दिशेत अंशाच्या दहाव्या भागाएवढीच चूक खपते. श्वास, खांदा, मनगट सगळं जागच्या जागी असलेला माणूसही हे प्रत्येक वेळी साधू शकत नाही. त्यामुळे शॉट ‘येतो’ किंवा ‘येत नाही’ असं म्हणण्यात फारसा अर्थ नाही. तो शंभरातून किती वेळा जातो, एवढंच म्हणता येतं.

आता शंभरातून ८० शॉट घालणारा खेळाडू घ्या. पार्लरच्या मानाने हा चांगलाच खेळाडू झाला. एका रात्रीत तो ६० शॉट मारत असेल तर सरासरी ४८ जातील. पण संभाव्यतेचं साधं गणित सांगतं, की २० पैकी साधारण १९ रात्री त्याचा आकडा ४२ ते ५४ यांच्यामध्ये कुठेही पडू शकतो. म्हणजे कौशल्यात तसूभरही फरक नसताना हा माणूस एखाद्या रात्री ७० टक्क्यांचा वाटेल आणि एखाद्या रात्री ९० टक्क्यांचा. त्यावर एट-बॉलची रचना हा फरक आणखी फुगवते. टेबल साफ करायचं तर आपले सात आणि शेवटी काळा, असे आठ बॉल ओळीने घालावे लागतात. दर शॉटला ९० टक्के यश असेल तर हे शंभरातून ४३ वेळा जमेल, ८० टक्के असेल तर सुमारे १७ वेळा, आणि ७० टक्के असेल तर फक्त सहा वेळा. शॉटमागे लहानसा दिसणारा फरक रॅकच्या निकालात असा डोंगराएवढा होतो. आपल्याला आठवतात ते रॅकचे निकाल, आणि त्यावरून आपण हाताचं निदान करतो.

शिवाय टेबल रोज तेच नसतं. पावसाळ्यात कॅरम बोर्ड जड होतो आणि पावडरचा डबा लवकर रिकामा होतो, हे घराघरांत ठाऊक आहे. पूलच्या टेबलावरचं लोकरी कापडही हवेतली ओल शोषतं, बॉल लवकर थांबतो आणि कुशनवरून वेगळ्या कोनात परततो. एसी दुपारपासून चालू होता की गिऱ्हाईक आल्यावर लावला, यानेही फरक पडतो. नव्या कापडावर पांढरा बॉल घसरत जातो, जुन्या कापडावर लवकर लोळायला लागतो. बॉलवर चॉकची भुकटी आणि हाताचा तेलकटपणा साचला असेल तर आदळताना दोन बॉल एकमेकांना किंचित ओढतात आणि रंगीत बॉल ठरल्या रेषेपासून एखाद-दोन अंश सरकतो. सगळी मुभा मुळात दीड अंशाच्या थोडी वर, हे लक्षात घ्या. आणि पार्लरच्या क्यू! स्टँडवरून हाताला येईल ती उचलायची, टेबलावर लोळवून वाकडी नाही ना एवढं बघायचं, आणि टोकाकडे कुणी पाहतच नाही. चामड्याची टिप दाबून काचेसारखी गुळगुळीत झालेली असली की तिच्यावर चॉक धरत नाही, क्यू निसटते, आणि दोष जातो मनगटाला.

मग वाईट रात्रीनंतर तंत्र बदलण्यात नेमकं वाईट काय? अमेरिकी संख्याशास्त्रज्ञ डब्ल्यू. एडवर्ड्स डेमिंग याचं उत्तर एका नरसाळ्याच्या प्रयोगाने देत असत. टेबलावर एक खूण करायची, नरसाळं बरोबर तिच्यावर धरायचं आणि गोटी सोडत राहायचं. नरसाळं स्थिर ठेवलं तर गोट्या खुणेभोवती थोड्याफार पसरतात. पण प्रत्येक गोटी जितकी चुकली तितकं नरसाळं उलट बाजूला सरकवत गेलं, तर प्रसरण कमी होण्याऐवजी गणिताच्या भाषेत दुप्पट होतं. योगायोगाने झालेल्या चुकीला कारण समजून दुरुस्त करायला गेलं की तिच्यावर आणखी एक चूक चढते. दर पराभवानंतर पकड, पवित्रा, नजर बदलणारा खेळाडू हेच करत असतो. त्याचा खेळ खरोखर बेभरवशाचा होतो, पण तो दुरुस्तीमुळे.

तरीही या दुरुस्त्यांवरचा विश्वास उडत नाही, यालाही कारण आहे. फारच वाईट रात्रीनंतरची रात्र बहुधा बरी जाते, कारण आकडे सरासरीकडे परततात. डॅनिएल काहनेमन यांनी इस्रायली हवाई दलातल्या प्रशिक्षकांबद्दल लिहिलं आहे. वैमानिकाला रागावलं की तो सुधारतो आणि कौतुक केलं की बिघडतो, अशी त्या प्रशिक्षकांची ठाम समजूत होती. खरं तर दोन्ही वेळा वैमानिक आपल्या नेहमीच्या पातळीकडे येत होते. पार्लरमध्ये रागावणाऱ्याची जागा नवी पकड घेते आणि फुकटचं श्रेय लाटते.

यावर एक आक्षेप वजनदार आहे. हात ‘बसतो’ आणि ‘सुटतो’ हा अनुभव निव्वळ भास कसा असेल? बास्केटबॉलमधल्या ‘गरम हाता’ला भ्रम ठरवणारा १९८५ चा गाजलेला अभ्यास खूप वर्षं प्रमाण मानला गेला. पण २०१८ मध्ये मिलर आणि सॅनहुर्हो या संशोधकांनी त्या मोजणीच्या पद्धतीतच एक सूक्ष्म कल दाखवून दिला, आणि लय थोडीफार खरी असते असं मानायला पुन्हा जागा झाली. मला हे मान्य आहे. अपुरी झोप, दोन पेग, ऑफिसातली कटकट यांचा शॉटवर परिणाम होतो, आणि शॉटमागे पाच टक्के घसरले तरी टेबल साफ करण्याची शक्यता १७ वरून १० वर येते. पण यातून उलट एवढंच निघतं, की खरा बिघाड आणि योगायोग एका रात्रीवरून वेगळे काढता येत नाहीत. आणि बिघाड झोपेचा असेल तर पकड बदलून काय होणार?

दुसरा आक्षेप म्हणजे, मोठ्या खेळाडूंचं असं होत नाही. होतं की. विली मॉस्कोनी यांनी १९५४ मध्ये ओहायोतल्या स्प्रिंगफील्डला न चुकता ५२६ बॉल घातले. जॉन श्मिट यांनी तो आकडा २०१९ मध्ये ओलांडून ६२६ केला, तो महिनोन्‌महिने टेबलाला चिकटून राहिल्यावर. माणूस तोच, ध्यासही तोच, आणि बहुतेक प्रयत्न मात्र मध्येच तुटलेले. स्नूकरची जागतिक अंतिम लढत ३५ फ्रेम्सची आणि दोन दिवस चालणारी ठेवतात, ती काही उगाच नाही. एका बैठकीत सरस कोण ते कळत नाही, हे आयोजकांनीच मान्य केल्यासारखं आहे.

राहिला दैववादाचा आरोप. सगळंच योगायोग असेल तर सराव कशाला? वरचेच आकडे पुन्हा पाहा. ८० चे ९० झाले की साफ होणारी टेबलं १७ वरून ४३ वर जातात, तेव्हा सरावाइतकं फळ दुसऱ्या कशालाच नाही. फक्त त्याचा हिशोब रात्रीचा नको, महिन्याचा हवा. दर वेळी खेळ सुरू करण्याआधी तेच २० शॉट मारून वहीत आकडा लिहावा. पहिली पाच मिनिटं हातापेक्षा टेबलाला द्यावी: एक बॉल हळू लांबीभर सोडून कापड बघावं, कुशनचा कोन बघावा, बॉल ओल्या फडक्याने पुसून घ्यावेत. स्वतःची साधी क्यू घेतली तर एक बदलती गोष्ट कायमची गेली. वहीतली महिन्याची सरासरी सलग घसरत असेल तर मात्र जाणत्या प्रशिक्षकाला दाखवावं, आणि तो सांगेल तो एकच बदल करावा. नवा बदल अंगवळणी पडेपर्यंत आकडे आधी आणखी खाली जातात, म्हणून तेवढ्या काळात निदान पैजेचे सामने घेऊ नयेत.