विणकराच्या बायकोचं माहेर

मैत्रिणींनो, आमच्या धाकट्या सूनबाईंचा जन्म कॅनडातला, पण मूळ घराणं स्कॉटलंडातल्या किलबार्खन गावच्या विणकरांचं. गेल्या वर्षी ती आपलं गाव पाहायला निघाली आणि मलाही ओढून घेऊन गेली.

ग्लासगोच्या पश्चिमेला पेस्ली शहर आहे, तिथून हे गाव जवळच. आपल्या साडीच्या काठावरच्या कोयरीला इंग्रजीत ‘पेस्ली’ म्हणतात ना, ते याच शहरावरून! काश्मिरी शालींची नक्कल १९व्या शतकात इथल्या मागांवर होत असे. मी नेमकी कोयरीकाठाची साडी नेसून गेले होते. सूनबाई हसून बेजार.

किलबार्खनमध्ये १८३०च्या सुमाराला ८०० हातमाग होते. आता विणकराचं एक जुनं घर जपून ठेवलंय, दारावर १७२३ साल कोरलेलं. (जायचं असेल तर उघडण्याचे दिवस आधी विचारून घ्या, बरं का.) माग तळघरात, जमीन मातीची. मला वाटलं गरिबी. पण ओलाव्यानं सूत तुटत नाही, म्हणून ती सोय. विणणारा पुरुष, कांड्या भरायच्या त्या बायकोनं आणि पोरांनी.

सूनबाईला हवी होती ती हीच बाई. खापरपणजोबांच्या वडिलांचं नाव घरात सर्वांना पाठ, आईचं कुणालाच नाही. पण स्कॉटलंडात १८५५पासून जन्म-मृत्यूची सक्तीची नोंद आहे आणि मृत्यूच्या नोंदीत मृताच्या आईचं माहेरचं आडनावही लिहितात. ‘स्कॉटलंड्स पीपल’ या सरकारी संकेतस्थळावर थोडे पैसे भरले की घरबसल्या पाहायला मिळतं. सूनबाईनं खापरपणजोबांची नोंद निघण्यापूर्वीच काढली होती. त्या तळघरात मागाशेजारी उभं राहून तिनं ते आडनाव मोठ्यानं वाचलं. नंतर बराच वेळ बाई गप्पच होती.

बाहेर आल्यावर मला विचारते, “आई, तुमच्या पणजीचं माहेर कुठलं?”

काय सांगणार, कपाळ! आपल्याकडे लग्नात तांदळाच्या ताटात नवं नाव लिहिलं की जुनं पुसलंच. घरी आल्यावर पहिला फोन आत्याला केला. आत्याचं वय ९१. म्हणाली, “माहेर वाईचं. अगं, इतक्या वर्षांत कुणी विचारलंच नाही.”

माहेरचं नाव मात्र तिलाही ठाऊक नव्हतं.