स्वस्त एसएसडी जरूर घ्या, पण पावतीसकट

गेल्या महिन्यात एका जुन्या विद्यार्थिनीच्या आईचा फोन आला. मुलगी सध्या डी.एल.एड. करते आहे, आई घरी शिवणकाम करते. म्हणाल्या, "सर, कॉम्प्युटर चालू व्हायला दहा मिनिटं लागतात. दुकानवाला म्हणतो, भंगार झालाय, हप्त्यावर नवा लॅपटॉप घ्या. घेऊ का?"

मी म्हणालो, "आपा, आज काहीच घेऊ नका. आधी मशीन बघू."

मशीन म्हणजे चौथ्या पिढीच्या आय-थ्री प्रोसेसरचा जुना डेस्कटॉप. चार जीबी रॅम आणि ५०० जीबीची हार्ड डिस्क. चालू करून टास्क मॅनेजर उघडला. प्रोसेसर निवांत बसलेला आणि डिस्क मात्र १०० टक्क्यांवर. तुमचाही कॉम्प्युटर रडत चालत असेल तर हे आधी बघा. त्यासाठी एक पैसा लागत नाही. डिस्क सतत शंभरावर दिसली, तर बहुतेक वेळा आजार डिस्कचाच असतो, सगळ्या मशीनचा नाही.

आमच्या लोकांना, खरं तर सगळ्याच मध्यमवर्गाला, एक सवय लागली आहे. वस्तू अडली की नवी घ्यायची, आणि पैसे नसले की हप्ता लावायचा. मला हे पटत नाही. ज्या घरात महिन्याचा हिशोब दहा तारखेलाच डगमगतो, तिथे एका छोट्या भागासाठी आख्खं मशीन बदलणं म्हणजे सरळ इस्राफ आहे, उधळपट्टी आहे.

हार्ड डिस्क का अडते, ते आमच्या शाळेच्या भाषेत सांगतो. जुनी हार्ड डिस्क म्हणजे रेकॉर्ड रूममधला एकच शिपाई. एक रजिस्टर मागितलं की तो उठतो, कपाटापर्यंत जातो, शोधतो, आणून देतो. सलग एकाच कपाटातलं सामान आणायचं असेल तर तो बऱ्यापैकी काम करतो. पण विंडोज सुरू होताना हजारो बारीक फायली वेगवेगळ्या कोपऱ्यांतून मागवतं. आत फिरणारी तबकडी आणि हलणारं डोकं सेकंदाला अशा जेमतेम शंभरेक फेऱ्या मारू शकतं. एसएसडीमध्ये फिरणारं काहीच नाही, सगळं चिपवर. तिथे साधी, स्वस्त एसएसडीसुद्धा सेकंदाला अशा हजारो मागण्या पुऱ्या करते.

म्हणूनच माझं पहिलं म्हणणं असं की, जुन्या मशीनसाठी वेगाच्या मागे धावू नका. सॅटा जोडणीची एसएसडी सेकंदाला साधारण ५५० एमबीपर्यंत जाते. एनव्हीएमई प्रकारची ३,५०० आणि त्याहूनही वर जाते. खोक्यावरचा हा मोठा आकडा बघून माणूस भुलतो. पण वर्ड, पीडीएफ, ब्राउझर आणि ऑनलाइन फॉर्म एवढंच काम असेल, तर हार्ड डिस्कवरून सॅटा एसएसडीवर येताना जो फरक जाणवतो, त्याच्यापुढे सॅटावरून एनव्हीएमईवर जाण्याचा फरक किरकोळ आहे. शिवाय जुन्या मदरबोर्डवर एनव्हीएमईची जागाच नसते. जिथे एम.टू खाच दिसते, तिथेही ती सॅटाची की एनव्हीएमईची हे मॉडेल नंबरवरून तपासूनच घ्या. दोन्ही दिसायला जवळपास सारख्याच असतात.

दुसरी गोष्ट टिकण्याची. खोक्यावर किंवा कंपनीच्या साइटवर टीबीडब्ल्यू नावाचा आकडा असतो. म्हणजे आयुष्यभरात किती टेराबाइट लिहिता येईल याची कंपनीने दिलेली हमी. किंग्स्टन ए४०० किंवा क्रुशियल बीएक्स५०० या साध्या ड्राइव्हच्या २४० जीबी मॉडेलचा हा आकडा ८० आहे, वॉरंटी ३ वर्षांची. ८० टेराबाइट म्हणजे ८०,००० जीबी. रोज २० जीबी लिहिले, तरी ४,००० दिवस झाले, जवळजवळ अकरा वर्षं. घरच्या कामात रोज एवढं कोण लिहितं? तेव्हा "एसएसडी लवकर झिजते" ही भीती सोडा.

क्यूएलसी, टीएलसी हे शब्द कानावर येतील. एका कप्प्यात किती बिट कोंबले, याची ती नावं. क्यूएलसीत जास्त कोंबतात म्हणून ती स्वस्त पडते, पण खूप मोठी फाइल कॉपी करताना मध्येच दमते. थोड्याच पैशांच्या फरकात टीएलसी मिळत असेल तर ती घ्या. लग्नाचे व्हिडिओ एडिट करणाऱ्याने याचा नीट विचार करावा, बाकीच्यांनी झोप उडवून घेऊ नये. मात्र ड्राइव्ह काठोकाठ भरू नका, पंधरा-वीस टक्के जागा मोकळी ठेवा. आणि २४० जीबीची ड्राइव्ह विंडोजमध्ये २२३ दिसली तर दुकानदाराशी भांडू नका. कंपनी हजाराने मोजते, विंडोज १,०२४ ने.

मग पैसे कुठे वाचवायचे नाहीत? हे मी स्वतःच्या नुकसानीतून शिकलो.

काही वर्षांपूर्वी मी तीनशे रुपये वाचवण्यासाठी एका दुकानातून नाव नसलेली एसएसडी घेतली. "सर, माल तोच आहे, फक्त स्टिकर वेगळा." पावतीही घेतली नाही. आठव्या महिन्यात एका सकाळी मशीनने ड्राइव्ह ओळखलीच नाही. हार्ड डिस्क मरताना पुष्कळदा करकर आवाज करते, सावध करते. एसएसडी अनेकदा काही न सांगता जाते, आणि तिच्यातला डेटा परत मिळवणं फार कठीण असतं.

त्यात बारा वर्षांच्या प्रश्नपत्रिका होत्या. त्यांचं दुःख कमी. पण उर्दू आणि मराठीत सामाईक असलेल्या शब्दांची एक यादी मी मुलांसाठी करत होतो. हजर, बाकी, जमा, तारीख, रुजू. उर्दूत दफ्तर म्हणजे कचेरी आणि मराठीत दप्तर पाठीवर येतं, अशा टिपणांसह. दीड हजारांवर शब्द झाले होते. कागदावर होते ते पहिले चारशे. बाकीचे आजही आठवून आठवून भरतो आहे.

तीनशे रुपये! दोष दुकानदाराचा होताच, पण अर्धा माझाही होता. एकच प्रत ठेवणारा माणूस कंपनीला काय बोल लावणार?

म्हणून तीन गोष्टींत कंजुषी नको. नाव असलेली कंपनी, जीएसटीची पक्की पावती आणि दुसरी प्रत. ऑनलाइन पाच-सातशे रुपयांत १६ टीबीची पोर्टेबल एसएसडी दिसली तर हात जोडून पुढे जा. त्यात बहुधा छोटीशी मेमरी चिप बसवून मोठा आकडा दाखवलेला असतो. फायली वरवर कॉपी होतात आणि उघडायला गेलं की काही नसतं. नवी ड्राइव्ह आणल्यावर क्रिस्टलडिस्कइन्फो या मोफत सॉफ्टवेअरने एकदा तपासा. "नवी" म्हणून घेतलेली ड्राइव्ह आधी किती तास चालली, हे तिथे कळतं.

आपांच्या घरी शेवटी २४० जीबीची सॅटा एसएसडी आणि आणखी चार जीबी रॅम बसवली. लॅपटॉपच्या दोन हप्त्यांच्या आत काम झालं. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि हे मशीन विंडोज ११ च्या अटींत बसत नाही, म्हणून लिनक्स मिंट टाकलं. मराठी चालतं, उर्दूचा नस्तालीक फॉन्टही चालतो. इनपेजसारखं विंडोजचंच सॉफ्टवेअर लागणाऱ्याला मात्र हा मार्ग सोयीचा नाही. मदरबोर्डच खराब असेल तर खर्च करू नका, हेही प्रामाणिकपणे सांगतो.

जुनी हार्ड डिस्क फेकली नाही. साध्या यूएसबी केसमध्ये घालून मुलीच्या हातात दिली. "दर जुम्याला सगळ्या फायली यात कॉपी करायच्या," असं सांगितलं.

ती म्हणाली, "सर, एवढं काय आहे माझ्याकडे?"

तिच्याकडे सध्या तिच्या पाठटिपणांच्या फायली आहेत. उद्या वर्गातल्या चाळीस मुलांचे गुण असतील. ती दुसऱ्याची अमानत असते. ती सांभाळायची सवय आजपासून लागली पाहिजे.