ओवा, कलौंजी आणि कुणाला न सांगितलेली खाज



पावसाळा लागला, कपडे दमट राहू लागले की फोनवर एक कुजबुज सुरू होते. "अगं, खाली फार खाज येतेय. ओव्याचं तेल लावू का?" माझं मत स्पष्ट आहे. लावू नका. ओवा पुरीतच बरा.

बियांमध्ये दम नाही असं मी म्हणत नाही. ओव्यातलं थायमॉल आणि कलौंजीतलं थायमोक्विनोन प्रयोगशाळेत कॅन्डिडा या यीस्टची वाढ रोखतात. पण ते काचेच्या बशीत! आपल्या शरीरात त्या यीस्टभोवती नाजूक त्वचा असते. यीस्टला झोंबणारं थायमॉल त्या त्वचेलाही झोंबतं, आणि खाजेच्या जोडीला आग सुरू होते.

ग्रेपफ्रूटच्या बियांच्या अर्काची गोष्ट तर ऐकाच. 'नैसर्गिक' म्हणून तो विकला जातो. 1999 साली प्रसिद्ध झालेल्या एका जर्मन तपासणीत सहा अर्क पारखले गेले. पाचांमध्ये बेन्झेथोनियम क्लोराइड हे कारखान्यात बनणारं जंतुनाशक निघालं. सहाव्यात तसलं काही नव्हतं, आणि त्याचा जंतूंवर काही परिणामही झाला नाही. म्हणजे गुण बियांचा नव्हताच.

काही जणी म्हणतात, औषधाने जीव मरतात, अर्क त्यापेक्षा सौम्य. अहो, पण अर्काने बरं वाटलं तर तेही यीस्ट मारूनच ना? हिंसेचा हिशेब दोन्हीकडे सारखाच. जिलेटिनच्या कॅप्सूलची अडचण मात्र खरी आहे. ती डॉक्टरांना आधीच सांगा. क्लोट्रिमॅझोलचं मलम मिळतं, फ्लुकोनॅझोल साध्या गोळीतही मिळतं. दुकानातून मनाने मात्र आणू नका, दिवस गेलेले असतील तर मुळीच नाही.

मला खरी काळजी वाटते ती लाजेची. चारपैकी तीन बायकांना हा त्रास आयुष्यात एकदा तरी होतो, तरी सासूबाईंसमोर नाव काढायची चोरी! अर्क चोळत महिना जातो, आणि खाज प्रत्येक वेळी यीस्टचीच असते असंही नाही. दुसऱ्या संसर्गाला औषध दुसरं लागतं. शिवाय हा त्रास पुन्हा पुन्हा उलटत असेल तर त्यामागे मधुमेहही असू शकतो. तेव्हा डॉक्टरांकडे जाल त्याच दिवशी रक्तातली साखरही तपासून घ्या.