श्रोत्यांचा आळस

‘हल्ली ऐकण्यासारखे नवे गाणे होतच नाही,’ हे वाक्य आमच्या सुशिक्षित घरांतून इतक्या वेळा आणि इतक्या समाधानाने उच्चारले जाते की, ही तक्रार आहे की आत्मस्तुती, असा प्रश्न कोणासही पडावा. बोलणाऱ्याच्या मुद्रेवर खेद दिसत नाही. काळाच्या घसरणीतही आपली अभिरुची शाबूत राहिली, याचा आनंदच दिसतो. अशा गृहस्थांस आम्ही एकच प्रश्न विचारीत असतो : ‘गेल्या महिन्यात आपण किती नवी गाणी शेवटपर्यंत ऐकलीत?’ उत्तर बहुधा ‘एकही नाही’ असेच येते. साक्षीदार न तपासता न्यायाधीशाने निकाल द्यावा, तसलाच हा प्रकार होय.

आमचे म्हणणे थोडक्यात असे. नव्या गायकांची आणि संगीतकारांची आज जी उपेक्षा दिसते, तिचा दोष त्यांच्यापेक्षा श्रोत्यांकडे अधिक जातो. नवे गाणे शोधणे हे श्रोत्याचे काम आहे. ते त्याने अंगाबाहेर टाकले, एका यंत्राच्या स्वाधीन केले, आणि यंत्राने जे पुढे आणून ठेविले त्यास नावे ठेवण्याचे तेवढे काम स्वतःकडे राखले.

कोणत्या गाण्यांविषयी आम्ही बोलत आहो, हे आधी स्पष्ट केले पाहिजे. चित्रपटाचा किंवा नाटकाचा आधार न घेता एकेकटे प्रसिद्ध होणारे जे गाणे, त्यास हल्ली ‘सिंगल’ म्हणतात. पूर्वी असे गाणे लोकांपुढे यावयाचे तर वादकांचा ताफा, ध्वनिमुद्रणाची खोली आणि ध्वनिमुद्रिका काढणाऱ्या कंपनीचा रुकार, इतके सर्व लागे. आज एक संगणक, एक लहानसा कळफलक आणि कानांस लावण्याचा हेडफोन एवढ्यावर काम भागते. नालासोपारा किंवा विरार येथील एखाद्या दीड खोलीच्या घरात, घरची माणसे निजल्यावर, एखादा मुलगा एकटाच गीतकार, गायक, वादक आणि ध्वनिमुद्रक होऊन बसलेला असतो. 2009 साली महानगरपालिका झालेल्या या गावांच्या पुंजक्यात 2011 च्या जनगणनेतच बारा लाखांवर माणसे मोजली गेली. इतक्या वस्तीत अशी घरे किती असतील याचा वाचकांनीच अदमास करावा.

आमच्याच इमारतीत असा एक मुलगा राहतो, हे आम्हांस तीन वर्षांनी कळले. तेही एका संध्याकाळी वीज गेली आणि संगणकात जतन न केलेले गाणे बुडाले म्हणून तो जिन्यात हळहळत उभा होता, त्यामुळे. त्याचे एक प्रसिद्ध झालेले गाणे आम्ही मागून घेऊन ऐकले. पत्र्यावर पडणाऱ्या पावसाचा आवाज त्याने फोनवर टिपून त्याचाच ठेका केला होता, आणि त्यावर शेवटच्या गाडीने घरी परतणाऱ्या माणसाचे चार साधे शब्द घातले होते. गाणे निर्दोष नव्हते. मध्यभाग लांबलेला होता, एक-दोन यमके ओढून आणलेली होती. तथापि पावसाचा ठेका एकाएकी थांबतो आणि एकटाच आवाज उरतो, ती जागा पुढे चार दिवस आमच्या मनातून जाईना. ते गाणे तोवर चाळीस-एक वेळा ऐकले गेले होते. त्यांपैकी निम्म्या वेळा आपणच ऐकले असेल, असे तो म्हणाला, आणि हसला. त्याच्या त्या हसण्याने आम्हांस हा लेख लिहावयास बसविले.

आता आक्षेपांकडे वळू. पहिला आक्षेप असा की, हे संगीतच नव्हे. हा यंत्रांचा गोंगाट आहे. रात्री-अपरात्री मिरवणुकीत भिंतीएवढे कर्णे लावून छातीत धडकी भरविणाऱ्यांची वकिली आम्ही करीत नाही. तो दोष आवाज चढविणाऱ्या हाताचा आहे, गाण्याच्या जातीचा नव्हे. त्याच कर्ण्यांवर भूपाळी लावली तरी शेजाऱ्याची झोप मोडेलच. उरला प्रश्न वाद्य परके आणि यांत्रिक असल्याचा. वसईच्या माणसाने तरी हा प्रश्न विचारू नये. 1739 साली चिमाजी अप्पांनी वसई जिंकली, आणि येथील पोर्तुगीज देवळांतल्या घंटा महाराष्ट्रातील मंदिरांत गेल्या. भीमाशंकरास, नाशिकच्या नारोशंकराच्या देवळात, वाईजवळ मेणवलीच्या घाटावर त्या आजही आहेत. त्या धातूचे गोत्र कोणत्याही पुजाऱ्याने विचारले नाही. नाद चांगला होता, तेवढे त्यांस पुरले. बाजाची पेटीही परदेशातूनच आली. नभोवाणीच्या जाणत्या अधिकाऱ्यांनी 1940 साली तिला बंदी केली आणि ती बंदी तीसएक वर्षे टिकली; तेवढ्या अवधीत एकाही भजनी मंडळाने पेटी टाकून दिल्याचे आम्ही ऐकले नाही. आज संगणकातून निघणाऱ्या नादास जे दूषण देण्यात येते, ते शब्दाशब्दाने पेटीसही देण्यात आले होते.

जाणत्यांनी दार लावून घेतले म्हणजे काय होते, याचाही दाखला आपल्याजवळ आहे. 1952 साली नभोवाणी मंत्री झालेले डॉ. बाळकृष्ण केसकर हे मोठे संगीतप्रेमी. अभिजात संगीताच्या कळकळीने त्यांनी चित्रपटगीतांस आकाशवाणीवरून जवळजवळ हद्दपार केले. श्रोते अभिजात संगीताकडे वळले काय? ते रेडिओ सिलोनकडे वळले, आणि अखेर 1957 च्या ऑक्टोबरात आकाशवाणीस ‘विविध भारती’ काढावी लागली. केसकरांचा हेतू वाईट होता असे कोण म्हणेल? परंतु लोकप्रिय संगीतातील बरे-वाईट निवडण्याचे काम जाणत्यांनी नाकारले म्हणजे ते काम थांबत नाही. ते दुसऱ्याच्या हाती जाते, एवढा धडा त्यातून घ्यावयाचा.

दुसरा आक्षेप अधिक सभ्य आणि म्हणूनच अधिक घातक आहे : ‘गाण्यात गुण असेल तर ते आपोआप वर येईल.’ आपोआप काहीही वर येत नाही. मुंबईच्या चित्रपटसृष्टीत वादक म्हणून राबलेले चरणजित सिंग यांनी 1982 साली दहा रागांची एक ध्वनिमुद्रिका विद्युत्-वाद्यांवर एकट्याने तयार केली. जपानी बनावटीची दोन लहान यंत्रे आणि एक कळफलक एवढ्या सामग्रीवर त्यांनी भैरव, ललत, यमन वाजविले. पुढे पाच वर्षांनी शिकागोच्या तरुणांनी त्याच यंत्रांपैकी एकातून जो नाद काढला, त्यास ‘ॲसिड हाउस’ हे नाव पडून जगभर त्याचा संप्रदाय झाला. चरणजितांच्या ध्वनिमुद्रिकेकडे मात्र येथे कोणी फिरकले नाही. वीस वर्षांनी दिल्लीत एका डच संग्राहकाच्या हाती ती लागली. 2010 साली ती पुन्हा प्रसिद्ध झाली आणि वृद्ध चरणजितांस परदेशांतून आमंत्रणे येऊ लागली. 2015 साली ते मुंबईतच वारले. ज्या शहरात हे राग वाजले त्या शहरास ते ऐकावयाचे सुचले नाही. ते काम हॉलंडच्या माणसाने केले.

आणि हे जुने झाले असेही नाही. क्रेटेक्स आणि श्रेयस या मराठी तरुणांचे ‘तांबडी चामडी’ हे नृत्यगीत 2024 साली प्रसिद्ध केले ते स्पिनिन रेकॉर्ड्स या संस्थेने, तीही हॉलंडचीच. मराठी शब्द हाउस संगीताच्या ठेक्यावर बसतात, हे परक्या बाजाराने मान्य केल्यावर आमच्या घरांतील मंडळी लग्नाच्या मांडवात त्यावर नाचू लागली. त्याच वर्षी संजू राठोड यांची ‘गुलाबी साडी’ घरोघर पोचली ती फोनवरच्या लहान लहान चित्रफितींच्या खांद्यावर बसून. या यशाचा आम्हांस हेवा नाही, अभिमानच आहे. परंतु दोन्ही वेळी सुशिक्षित मराठी श्रोता कोठे होता? तो वरातीच्या शेवटी होता. गर्दीने निवड केली, परदेशाने निवड केली. ज्याने ग्रंथ वाचले, नाटके पाहिली, ज्याच्या कानावर दोन पिढ्यांचे संस्कार आहेत, त्याचे मत या व्यवहारात कोणी विचारले नाही, कारण त्याने ते कधी दिलेच नाही.

येथे कोणी म्हणेल, ‘आम्ही ऐकतो की! फोन आम्हांस रोज नवी यादी काढून देतो.’ ही यादी कशी निघते, हे समजून घेणे अवश्य आहे. यंत्रास कान नाहीत असे नव्हे. पण त्याचा मुख्य भरवसा हिशेबावर असतो. तुम्ही काय ऐकले, तुमच्यासारखी आवड असणाऱ्यांनी आणखी काय ऐकले, कोणते गाणे मध्येच सोडले, याची बेरीज-वजाबाकी करून ते पुढचे गाणे सुचविते. जे गाणे अद्याप कोणीच ऐकले नाही त्याच्याविषयी या वहीत नोंदच नसते. म्हणजे ज्या गाण्यास मध्यस्थाची सर्वांत अधिक गरज, त्याच्याच बाबतीत हा मध्यस्थ सर्वांत दुबळा. तो तुमच्यापुढे धरतो तो बव्हंशी तुमच्याच कालच्या आवडीचा आरसा. आरशात पाहून कोणास नवी ओळख झाली आहे काय?

या व्यवहारातील आकडे पाहिले म्हणजे मन विषण्ण होते. ल्युमिनेट या मोजदाद करणाऱ्या संस्थेच्या 2023 च्या अहवालाप्रमाणे, जगातील अशा सेवांवर असलेल्या 18 कोटींहून अधिक गाण्यांपैकी 4 कोटींहून अधिक गाणी त्या वर्षात एकदाही ऐकली गेली नाहीत. त्यांत टाकाऊ पुष्कळ असणार, हे आम्हांसही मान्य आहे. पण न ऐकता टाकाऊ ठरविण्याचा अधिकार कोणी कोणास दिला? त्यावर 2024 पासून स्पॉटिफायने असा नियम केला आहे की, मागील बारा महिन्यांत निदान 1000 वेळा ऐकले न गेलेल्या गाण्यास एक कपर्दिकही मिळणार नाही. तशी ही रक्कम क्षुल्लकच असते; पण रेघ ओढली गेली. रेघेच्या अलीकडचा मुलगा हिशेबातच नाही.

आता 1000 ही संख्या केवढी? आमच्या विरारला शंभर घरांची गृहसंस्था म्हणजे काही मोठी नव्हे. त्या घरांनी आपल्याच जिन्यातल्या मुलाचे गाणे महिन्यातून एकदाही नाही, वर्षातून दहा वेळा मनापासून ऐकले, तरी ही संख्या भरते. चर्चगेटपर्यंतच्या साठ किलोमीटरांच्या रोजच्या प्रवासात दीड तास कानांत काहीतरी वाजतच असते. वेळ नाही, ही सबब निदान विरारच्या लोकलमधल्या माणसाने तरी सांगू नये.

राहिला शेवटचा आक्षेप : ‘एवढ्या गर्दीत शोधावे कसे?’ ग्रंथालयातील पुस्तके जशी शोधतो, तसेच. जे गाणे आवडले त्याच्या खाली नावे असतात. गीत कोणाचे, संगीतयोजना कोणाची, ध्वनिमिश्रण कोणाचे, ते पाहावे आणि त्या माणसाची दुसरी गाणी काढावी. यंत्राऐवजी एखाद्या जाणत्या माणसाने निवडलेली यादी धरावी. घरातील मुलास ‘हे बंद कर’ म्हणण्याऐवजी ‘हे कोणाचे?’ असे विचारावे. गाणे दोनदा ऐकल्यावाचून मत देऊ नये, कारण पहिल्या वेळी कान केवळ बिचकतो. आवडल्यास कलावंताच्या हाती पैसे जातील अशा ठिकाणी विकत घ्यावे. बँडकॅम्पसारख्या पेढीवर गाणे विकले तर पेढीचा वाटा पंधरा टक्क्यांच्या आसपास असतो, उरलेले बव्हंशी करणाऱ्यास मिळते. न आवडल्यास का न आवडले, ते दोन ओळींत त्यास कळवावे. न ऐकलेल्या गाण्यापेक्षा ऐकून नापसंत केलेले गाणे शतपटीने भाग्यवान. आणि आमच्या गणेशोत्सव मंडळांनी जुन्या चित्रपटगीतांच्या नकला करणाऱ्या वाद्यवृंदास तीन तास देताना, त्यांतील अर्धा तास गावच्या मुलांच्या स्वतःच्या गाण्यांस काढून दिला, तर विघ्नहर्ता कोपणार नाही.

नव्या गाण्याची वाट पाहणे हा आमच्या घरांचा स्वभावच नव्हे, असे कोणी म्हणेल तर त्यास ‘गीतरामायणा’ची आठवण द्यावी. 1955 च्या एप्रिलपासून वर्षभर पुणे आकाशवाणीवर दर आठवड्यास एक, याप्रमाणे ती छप्पन्न गीते आली. माडगूळकर आणि फडके ही नावे प्रसिद्ध होती, हे खरे. पण पुढच्या आठवड्याचे गीत कसे असेल, हे कोणासही ठाऊक नव्हते. तरी घरोघर माणसे नभोवाणीभोवती जमत. आज ज्यांस आपण अमर गीते म्हणतो, ती त्या सकाळी एकेकटी, अपरिचित, परीक्षा द्यावयास आलेली सुटी गाणी होती. त्या श्रोत्यांनी ‘आधी प्रसिद्ध होऊ द्या, मग ऐकू’ असे म्हटले असते, तर आज आपणांजवळ जुने म्हणून मिरवावयास काय उरले असते?

आम्ही नव्या गाण्यांस कौतुक मागत नाही, कान मागतो. ऐकून वाईट म्हणा, पण ऐका. आमच्या इमारतीतील मुलाने बुडालेले गाणे पुन्हा करावयास घेतले आहे. ते होईल तेव्हा प्रथम ऐकणारे आम्ही असू, असे त्यास सांगून ठेविले आहे. आपल्या इमारतीत कोण गाणे करीत बसले आहे, याची वाचकांनी आजच चौकशी करावी.