खत कोणाचे, नाव कोणाचे?



श्रीमंत देश आणि गरीब देश असा विषय शिबिरात काढला की बायका म्हणतात, "ताई, ते मोठ्या लोकांचं. आमच्या हप्त्याचं बोला." मला हे दोन विषय वेगळे वाटत नाहीत. ते जोडायला बारामती-इंदापूरच्या बाहेरही जावे लागत नाही.

१८३० च्या सुमारास इंदापूर तालुक्यात प्रिंगल नावाच्या साहेबाने शेतसारा ठरवला. विलायतेत माल्थसच्या हाताखाली अर्थशास्त्र शिकून आलेला माणूस. खर्च वजा जाता शेतात जे उरेल त्यातले ५५ टक्के सरकारचे, असा त्याचा हिशेब. आपला भाग अवर्षणाचा. सारा भरता येईना तशी माणसे जमिनी टाकून निजामाच्या मुलखात गेली. मग गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी सारा उतरवून तीस वर्षांसाठी बांधून दिला.

ती मुदत संपली नेमकी तेजीच्या पाठोपाठ. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध चालले, तिथला कापूस अडला आणि लँकेशायरच्या गिरण्यांना मुंबईचा कापूस हवासा झाला. भाव चढले, सावकारही सढळ हाताने देऊ लागला. (भीमथडीत कापूस थोडाच, पण धान्याचे भाव आणि मजुरी इथेही वाढली होती.) चढे भाव बघून सरकारने सारा वाढवला. युद्ध संपल्यावर भाव कोसळले, वाढलेला सारा मात्र रोखच भरायचा. म्हणजे पुन्हा सावकाराचे दार. १२ मे १८७५ रोजी सुप्याच्या बाजारात, म्हणजे आजच्या बारामती तालुक्यात, लोकांनी सावकारांची घरे-दुकाने लुटली, कर्जखते जाळली.

भारताचा पैसा इंग्लंडात वाहून जातो, हे दादाभाई नौरोजी १८६७ पासून लंडनमध्येच मांडत होते. सुप्याला त्याचा अर्थ वेगळा सांगावा लागला नसता. तेजीचा नफा तिकडे, मंदीचा बोजा इकडे.

त्या खतांवर नावे बहुतेक पुरुषांची होती. दागिना मोडायचा तो मात्र बाईचा. आता खतावरही तीच आहे. गटाचे कर्ज, मायक्रोफायनान्सचे कर्ज तिच्या नावावर; सातबारा नवऱ्याच्या नाहीतर सासऱ्याच्या. पत्नीचे नाव सातबाऱ्यावर लावण्यासाठी १९९२ साली लक्ष्मी मुक्ती योजना आली, तरी आमच्या बैठकीत 'माझ्या नावावर जमीन आहे' म्हणून हात वर करणाऱ्या थोड्याच. आणि कर्ज देणाऱ्या काही कंपन्यांत भांडवल परदेशी गुंतवणूकदारांचे असते. उसाचे बिल लांबले म्हणून त्यांचा हप्ता थांबत नाही.

रिझर्व्ह बँकेचा २०२२ चा नियम असा: घराच्या महिन्याच्या उत्पन्नातले निम्म्याहून जास्त कर्जफेडीत जाता कामा नये. निम्मे! प्रिंगलसाहेबाचा आकडा ५५ होता. तरीही हा नियम धरून ठेवा. कर्जाचे कार्ड आपल्याला समजेल त्या भाषेत, म्हणजे मराठीत, मागा. वर्षाचा व्याजदर त्यावर लिहिलेला असला पाहिजे. पुढच्या बैठकीला ती कार्डे घेऊन या, आणि घरचा सातबाराही.