पॅराट्रूपरचं खरं हत्यार कोणतं? क्रीटपासून टांगाईलपर्यंत

अकोला-अमरावतीत पहाटे भरतीसाठी धावणाऱ्या पोरांना जर्मन पॅराट्रूपरच्या रील्सचं भारी आकर्षण. विमानातून उडी, हातात धडधडती बंदूक. त्यातली उडी खरी, बंदूक बहुतेकदा नाही. उडी मारताना बहुतेक जर्मन जवानांकडे रायफल नसायचीच.

कारण त्यांचं पॅराशूट. त्याचा दोर पाठीवर जोडलेला असे. जवान पुढे झुकून लोंबकळत खाली यायचा, दिशा वळवता येत नसे, आणि उतरायचं ते हात-गुडघ्यांवर. म्हणून अंगावर पिस्तूल आणि हातबॉम्ब, काहींकडे फार तर सबमशीनगन. रायफली, मशीनगन वेगळ्या पेट्यांतून टाकल्या जात. पेटी सापडेपर्यंत जवान जवळजवळ निःशस्त्र!

२० मे १९४१ रोजी ग्रीसच्या क्रीट बेटावर याची किंमत मोजावी लागली. अनेक जण हवेत, अनेक जण पेट्यांकडे धावताना मारले गेले. बेट जर्मनांनी जिंकलं, पण मालेमेची धावपट्टी हाती आल्यावर विमानांनी डोंगरी पलटणी उतरवता आल्या म्हणून. सुमारे ४ हजार जर्मन मृत किंवा बेपत्ता झाले. हिटलरने एवढी मोठी हवाई मोहीम पुन्हा केली नाही. पॅराट्रूपरसाठी खास बनवलेली एफजी-४२ रायफल आली, तोवर मोठ्या उड्या जवळपास संपल्या होत्या. पुढे इटलीत माँते कॅसिनोला हे जवान पायदळ म्हणूनच लढले. हट्टाने लढले, हे मान्य करावंच लागेल.

त्याच इटलीत मराठी जवानही होते. ३/५ मराठा पलटणीचे नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी एकटेच जर्मन मशीनगनवर धावून गेले. गोळ्यांचं मॅगझिन बदलायला वेळ नव्हता, तेव्हा बंदूक उलटी धरून दस्त्याने लढले आणि तिथेच धारातीर्थी पडले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. हीच पलटण पुढे २ पॅरा (मराठा) झाली.

आता ११ डिसेंबर १९७१. बांगलादेशातल्या टांगाईलजवळ संध्याकाळी २ पॅराचे सुमारे ७०० जवान उतरले. काम एकच: पुंगली पूल धरायचा, म्हणजे उत्तरेकडून ढाक्याकडे माघार घेणारी पाकिस्तानी ब्रिगेड अडकेल. काही जवान दूर जाऊन पडले, काही सामान तळ्यांत गेलं. ते गोळा करायला गावकरी धावले. क्रीटमध्ये गावकरी कुऱ्हाडी-कोयते घेऊन धावले होते, इथे मदतीला आले. हा फरक कोणत्याही बंदुकीपेक्षा मोठा होता, असं मला वाटतं. रात्रीच पूल ताब्यात आला.

पण हलकी शस्त्रं आणि मोजका दारूगोळा घेऊन उतरलेली तुकडी किती वेळ टिकणार? पॅराट्रूपरचं काम जागा पकडून तग धरण्याचं. रणगाडे आणि भारी तोफा घेऊन जमिनीवरून कुणी आलं नाही, तर धाडसी उडीही फसते. टांगाईलला दुसऱ्याच दिवशी १ मराठा येऊन पोचली. इटलीत व्हिक्टोरिया क्रॉस मिळवणारे नामदेव जाधव याच पलटणीचे. त्यांचे जवान १० तारखेची रात्र जमालपूरला लढून आले होते.

१६ डिसेंबरला ढाक्यात आधी शिरली ती २ पॅरा, आणि ते श्रेय त्यांचंच. पण टांगाईलच्या गोष्टीत रस्त्याने आलेल्या १ मराठाचं नाव आपण क्वचितच घेतो.