एकतर्फी भरणा

२८ सप्टेंबर २०२३ रोजी अनंत चतुर्दशी आणि ईद-ए-मिलाद एकाच दिवशी आली. मुंबईत एकीकडे गणपती विसर्जनाला निघणार, दुसरीकडे ईदचा जुलूस. तेव्हा मुस्लिम संघटनांनी आपणहून जुलूस दुसऱ्या दिवशी काढायचे ठरवले आणि सरकारने ईदची सुट्टीही २९ तारखेला नेली. २०२४ आणि २०२५ मध्येही मुंबईतला जुलूस असाच पुढे गेला.

आपण कौतुक केले आणि विसरून गेलो. माझी हयात बँकेत गेली, त्यामुळे मला हिशेब विसरता येत नाही. एकाने भरणा करायचा आणि दुसऱ्याने नुसते काढत राहायचे, असे खाते किती दिवस चालेल?

परतफेड म्हणजे विसर्जन पुढे ढकलणे नव्हे. ती रोजच्या व्यवहारात करायची असते. १९७० आणि १९८४ च्या दंगलींत होरपळलेल्या भिवंडीत १९८८ पासून पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या उभ्या केल्या. दोन्ही धर्मांची साधी माणसे एकत्र बसून गल्लीतल्या कुरबुरी मिटवू लागली. डिसेंबर १९९२ मध्ये मुंबई पेटली, पण भिवंडी शांत राहिली. अफवा आली की खरेखोटे विचारायला पलीकडे ओळखीचा माणूस होता.

सार्वजनिक जीवनात धर्म राहणारच. पण उद्या एखादे मुसलमान कुटुंब आपल्या सोसायटीत भाड्याने जागा विचारायला आले, तर आपण काय उत्तर देणार? आपला भरणा तिथे व्हायचा आहे.